पिन नेमकं धरते काय?

मार्कनॉयकिर्शेन हे जर्मनीतलं वाद्यं घडवणाऱ्यांचं जुनं गाव. १८२० च्या दशकात तिथे भांडण लागलं. व्हायोलिन करणारे म्हणाले, गिटार आम्हीच करणार. सुतारांनी आपलं फर्निचर बघावं. ख्रिस्तियन फ्रेडरिक मार्टिन हा या सुतारांपैकी. व्हिएन्नात श्टाउफर यांच्याकडे काम केलेला. १८३३ साली तो न्यूयॉर्कला गेला आणि पुढे पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथला स्थिरावला.

या भांडणाचं मर्म मला घोडीच्या भोकांत दिसतं. आपल्या तंबोऱ्याची घोडी तारांचा दाब सोसते. ओढ जाते खालच्या लंगोटावर. गिटारची घोडी मात्र पोटावर चिकटवलेली, म्हणून ओढही तिच्यावरच. आतड्याच्या तारा होत्या तोवर हे निभावलं. १९२० च्या दशकात पोलादी तारा रुळल्या आणि सहा तारांची ओढ सत्तर किलोच्या घरात गेली.

लोकांना वाटतं, तार पिनेने धरलेली असते. तसं नाही! तारेच्या टोकाची गोळी आतल्या लाकडी पट्टीला खालून टेकते, खरा भार तिथे. पिन गोळीला फक्त सरकू देत नाही. आपल्या परिभाषेत सांगायचं तर पिन निमित्तमात्र.

म्हणून भोक कसं घडवतात ते बघा. आधी सरळ भोक पाडायचं, मग रीमर थोडा थोडा फिरवून ते निमुळतं करायचं. दर वेळी पिन घालून बघायची. मग पुढच्या कडेला बारीक खाच कोरायची. तार मावेल, पण गोळी वर येणार नाही एवढीच. खाचेची वरची कड गोल करायची, म्हणजे तार तिथे काटकोनात मोडत नाही.

खाच भोकात न पाडता पिनेतच पाडली की काम लवकर उरकतं. पण मग भोक झिजलं की गोळी हळूहळू वर चढते, पट्टी कुरतडते. हे नुकसान आतलं, वर्षांनी कळणारं. शिवाय सहा भोकं लाकडाच्या रेषेतच ओळीने येतात. पोस्टाच्या तिकिटांमधली भोकं आठवा; पिना ठोकून बसवल्या तर घोडी तशीच त्या ओळीत चिरते.

आता सांगा, हे काम कुणाचं? लाकडाची रेष सुताराला कळते, तारेचा स्वभाव वाद्यकाराला. भोक पाडणाऱ्या हाताला दोन्ही कळावं लागतं. हक्क संघाच्या नोंदवहीत लिहून मिळेलही, ही समज तिथे मिळत नाही.