गच्चीवरील सौरवीज : नारायणगुडा (हैदराबाद)

गच्चीवरील सौरवीज : घर, शाळा, दवाखाना किंवा रेल्वे स्थानक यांच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवून वापराच्या जागीच वीज तयार करण्याची आणि उरलेली वीज वितरण कंपनीच्या तारांत सोडण्याची पद्धत. मोठ्या सौर प्रकल्पाला माळरान लागते. दाट वस्तीच्या जुन्या शहरी भागात मोकळे ऊन पडते ते फक्त गच्चीवर. त्यामुळे अशा भागात सौरवीज किती तयार होईल, हे तंत्रज्ञानापेक्षा गच्ची कोणाची आणि तिच्यावर सावली कशाची, यावर ठरते. हैदराबादचा नारायणगुडा हे त्याचे बोलके उदाहरण आहे.

स्थान व पार्श्वभूमी : हिमायतनगर, चिक्कडपल्ली, बरकतपुरा आणि काचीगुडा यांच्यामधली ही जुनी, गजबजलेली वस्ती. मराठी वाचकाला ती केशव मेमोरियल शिक्षणसंस्थेमुळे परिचित असते. वसमत परिसरातून हैदराबादला आलेले वकील, पुढे तिथल्या उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झालेले केशवराव कोरटकर (१८६७–१९३२) यांच्या स्मरणार्थ ही संस्था १९४० साली स्थापन झाली. मराठवाड्यातून निजामाच्या राजधानीत शिक्षण आणि नोकरीसाठी आलेली अनेक मराठी कुटुंबे याच पट्ट्यात स्थिरावली. तेव्हाच्या बैठ्या घरांच्या जागी आज तीन-चार मजली इमारती उभ्या आहेत. एके काळी कुरडया, सांडगे आणि पापड वाळत घालण्याची जागा असलेली गच्ची आता आठ-दहा बिऱ्हाडांची सामाईक झाली आहे.

हैदराबादच्या विजेचा इतिहासही इथून जवळच घडला. हुसेनसागराच्या काठी १९२० साली औष्णिक वीजकेंद्र उभे राहिले. शहराच्या मधोमध कोळसा जाळून वीज तयार होत असे. पुढे ते केंद्र बंद पडले आणि पाडलेही गेले. शहराची वीज दूरवरच्या कोळसा खाणींच्या प्रदेशातून येऊ लागली. गच्चीवरच्या पॅनेलने वीजनिर्मिती पुन्हा वस्तीत आणली आहे, आणि या वेळी धुराविना.

कार्यपद्धती : प्रकाशापासून वीज मिळते हे बेकरेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३९ मध्ये दाखवले. व्यवहारात वापरता येईल असा सिलिकॉनचा सौरघट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने १९५४ मध्ये तयार केला. त्याची कार्यक्षमता सुमारे ६ टक्के होती. आज बाजारातील चांगली पॅनेले २० टक्क्यांच्या पुढे गेली आहेत. पॅनेलमधून निघणारी एकदिश वीज इन्व्हर्टर प्रत्यावर्ती करतो आणि ती घरातील वायरिंगला मिळते. भारतात या विषयाचा पाया घालणाऱ्यांत मुंबईच्या आयआयटीचे प्राध्यापक सुहास सुखात्मे यांचे नाव आदराने घेतले जाते. सौरऊर्जेवरील त्यांचे पाठ्यपुस्तक (१९८४) अभियांत्रिकीच्या अनेक पिढ्यांनी अभ्यासले आहे.

एक किलोवॉटच्या संचाला साधारण १०० चौरस फूट सावलीविना जागा लागते आणि वर्षाच्या सरासरीने त्यातून रोज सुमारे ४ युनिट वीज मिळते. हैदराबाद सुमारे १७.४ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने पॅनेले दक्षिणेकडे तोंड करून थोडी कलती बसवतात. ऊन जितके कडक तितकी वीज जास्त, ही समजूत अर्धीच खरी आहे. पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. पॅनेलचे तापमान २५ अंश सेल्सिअसच्या वर गेले की दर अंशाला सुमारे ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटते. मे महिन्याच्या दुपारी पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापते तेव्हा १२ ते १६ टक्के वीज उष्णतेपायी जाते. म्हणून पॅनेल स्लॅबला चिकटवून न बसवता खालून वारा खेळेल असे उंच सांगाड्यावर बसवतात. त्या सांगाड्याखाली कपडे वाळत घालता येतात आणि वरच्या मजल्यावरचे घरही काहीसे थंड राहते.

नेट मीटर : या व्यवस्थेचा कणा म्हणजे दोन्ही दिशांची वीज मोजणारा मीटर. त्याच्या छोट्या पडद्यावर आकडे आळीपाळीने झळकतात : वितरण कंपनीच्या जाळ्यातून घेतलेले युनिट, मग त्या जाळ्याला दिलेले युनिट. दुपारी घर रिकामे असते तेव्हा दुसरा आकडा वाढतो, रात्री पंखे-कूलर सुरू झाले की पहिला. बिल या दोहोंच्या वजाबाकीवर निघते. नारायणगुड्यात हे काम टीजीएसपीडीसीएल ही दक्षिण तेलंगणाची वितरण कंपनी पाहते. बॅटरी नसलेला साधा संच वीज गेली की आपोआप बंद पडतो, मग ऊन कितीही असो. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला गच्चीवरून आलेल्या विजेचा धक्का बसू नये, यासाठी ही योजना असते. ग्राहकाला हे आधीच समजावून सांगितले पाहिजे.

शासकीय योजना : राष्ट्रीय सौर अभियान जानेवारी २०१० मध्ये सुरू झाले. २०१५ मध्ये त्याचे उद्दिष्ट १०० गिगावॉट करण्यात आले, त्यापैकी ४० गिगावॉट गच्च्यांवर व्हायचे होते. देशाची एकूण सौरक्षमता जानेवारी २०२५ मध्ये १०० गिगावॉटच्या पुढे गेली, पण त्यात गच्च्यांचा वाटा अपेक्षेहून बराच मागे राहिला. ही उणीव भरून काढण्यासाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली. एक कोटी घरे हे तिचे लक्ष्य आणि ७५,०२१ कोटी रुपये ही तरतूद. एका किलोवॉटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन किंवा अधिकला ७८,००० रुपये अनुदान मिळते. पॅनेलमधले सौरघट भारतीय बनावटीचे असावेत, अशी अट आहे. दहा किलोवॉटपर्यंतच्या संचासाठी तांत्रिक तपासणीची अडवणूकही त्याच वर्षी नियम बदलून दूर करण्यात आली. गच्चीवरील संचांत गुजरात आणि महाराष्ट्र ही राज्ये आघाडीवर आहेत. सातारा जिल्ह्यातील मान्याचीवाडी २०२४ मध्ये महाराष्ट्राचे पहिले सौरग्राम ठरले.

हैदराबाद व तेलंगणातील प्रकल्प आणि उद्योग : नारायणगुड्याला लागून असलेले काचीगुडा रेल्वे स्थानक १९१६ चे. मनमाड–नांदेड मार्गाने येणाऱ्या मराठी प्रवाशाचे ते जुने ओळखीचे ठिकाण. तिथे ४०० किलोवॉटचा सौरसंच बसला आहे. नारायणगुडा मेट्रो स्थानकावरून जाणारा हरित मार्ग फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झाला, आणि हैदराबाद मेट्रोने मियापूर व उप्पल येथील आगारांवर आणि अनेक स्थानकांवर सौरनिर्मिती उभारली आहे. बाह्य वळणरस्त्यालगत २३ किलोमीटरचा सायकलमार्ग १ ऑक्टोबर २०२३ रोजी खुला झाला. त्याचे छतच १६ मेगावॉटचे सौरकेंद्र आहे. रामगुंडम येथे एनटीपीसीच्या जलाशयावर १०० मेगावॉटचा तरंगता प्रकल्प १ जुलै २०२२ पासून पूर्ण क्षमतेने चालू आहे. पाण्यावर असल्याने पॅनेले थंड राहतात आणि बाष्पीभवनही घटते. १९९५ मध्ये स्थापन झालेली हैदराबादची प्रीमियर एनर्जीज कंपनी सौरघट आणि पॅनेले बनवते. तिचे समभाग सप्टेंबर २०२४ मध्ये बाजारात आले. तेलंगणा शासनाने जानेवारी २०२५ मध्ये स्वच्छ व हरित ऊर्जा धोरण जाहीर केले.

सद्यःप्रवाह : पॅनेलमध्ये पर्क या सौरघट बनवण्याच्या जुन्या तंत्राची जागा टॉपकॉन हे नवे तंत्र घेत आहे. ते उष्णतेत तुलनेने कमी मंदावते, म्हणून दख्खनच्या हवेला अधिक मानवते. सप्टेंबर २०२५ मध्ये सौर साहित्यावरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. दुपारी मुबलक आणि संध्याकाळी शून्य ही सौरविजेची मूळ अडचण असल्याने आता भर साठवणुकीवर आहे.

अडचणी : नारायणगुड्यासारख्या वस्तीत पहिली अडचण सावलीची. पॅनेले माळेतल्या मण्यांसारखी एकामागे एक जोडलेली असतात. पाण्याच्या टाकीची सावली एकावर पडली तरी तिचा फटका साऱ्या माळेला बसू शकतो. शेजारी नवी, उंच इमारत उठली तर बसवलेला संच निकामी ठरण्याची भीती असते, आणि उन्हावरच्या हक्काला आपल्याकडे ठोस संरक्षण नाही. दुसरी अडचण धूळ आणि कबुतरांची. पॅनेल सकाळी थंड असताना साध्या पाण्याने धुवावे लागते. तापलेल्या काचेवर गार पाणी टाकल्यास तिला तडा जाऊ शकतो.

तिसरी आणि सर्वांत मोठी अडचण मालकीची. स्वतंत्र घराच्या मालकाला अनुदान सहज मिळते. सामाईक गच्ची असलेल्या इमारतीला जिना, लिफ्ट, पंप यांच्या विजेसाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये मिळतात, पण प्रत्येक बिऱ्हाडाच्या बिलाचा प्रश्न राहतोच. भाडेकरूच्या नावावर तर गच्चीच नसते. एका संचाची वीज अनेक मीटरांत वाटून देणारी आभासी नेट मीटर पद्धत काही राज्यांनी स्वीकारली आहे. जुन्या शहरी वस्त्यांसाठी हाच रास्त मार्ग आहे. ऊन साऱ्या इमारतीवर सारखेच पडते. त्याची वीजही तळमजल्यावरच्या भाडेकरूपर्यंत पोचली पाहिजे.