वुडन फ्लोअरिंगच्या फळ्यांमध्ये फट का पडते आणि ती कशी बंद करायची?

घरात लॅमिनेट किंवा एसपीसीचं 'क्लिक' फ्लोअरिंग केलंय आणि वर्ष-दोन वर्षांत फळ्यांमध्ये काळी रेघ दिसायला लागली? बहुतेक मिस्त्री एकच उपाय सांगतात: लाकडाच्या रंगाची पुट्टी किंवा सिलिकॉन भरून टाका. तेच आधी करू नका. का, ते बघू.

हे फ्लोअरिंग तरंगतं म्हणजे काय?

टाइल सिमेंटने जमिनीला धरलेली असते. क्लिक फ्लोअरिंगला खाली खिळा नसतो, गोंद नसतो. पातळ फोमवर फळ्या नुसत्या ठेवलेल्या असतात आणि कडेच्या खाच-जिभेच्या लॉकने एकमेकींत अडकतात. गोंदाशिवायची ही लॉक १९९० च्या दशकात स्वीडनच्या व्हॅलिंगे आणि बेल्जियमच्या युनिलिन या कंपन्यांनी बाजारात आणली. म्हणजे खोलीभर एकच मोठी चटई पसरलेली असते, असं समजा. ही चटई हवामानाप्रमाणे थोडी फुगते, थोडी आकसते. त्यासाठीच भिंतीलगत साधारण ८ ते १० मिमी जागा सोडतात आणि ती स्कर्टिंगखाली लपवतात.

लॅमिनेटच्या पोटात एचडीएफ, म्हणजे दाबलेले लाकडाचे तंतू असतात. पावसाळ्यात तो दमट हवा पिऊन फुगतो, कोरड्या दिवसांत किंवा सतत एसी चालणाऱ्या खोलीत आकसतो. एसपीसीला दमटपणाचं फारसं काही वाटत नाही, पण बाल्कनीच्या काचेतून ऊन थेट पडलं की तो तापून वाढतो.

आता या चटईचं एक टोक अडकलं तर? आकसताना ती सगळ्यात कमकुवत सांध्यावर सुटते. फट तिथे दिसते, दोष मात्र बऱ्याचदा दुसरीकडेच असतो.

आधी अडकलंय कुठे ते शोधा

फ्लोअरिंगवर उभं केलेलं, पुस्तकांनी किंवा कपड्यांनी भरलेलं जड कपाट. फळीतून आरपार स्क्रू मारलेला डोअर स्टॉपर. किचनच्या ट्रॉलीचं बूड. भिंतीऐवजी फळीलाच ठोकलेलं स्कर्टिंग. दाराच्या चौकटीत घट्ट बसवलेली फळी. यातलं एक तरी हमखास सापडतं. काही सापडलं नाही तर फटीजवळ पाय देऊन बघा. फळी खाली-वर होत असेल तर खालची जमीन सपाट नाही. दोन मीटरमध्ये ३ मिमीपेक्षा जास्त चढउतार असला की चालताना लॉक वाकत राहतं आणि शेवटी तुटतं. जुन्या फरशीवरच फ्लोअरिंग टाकलेल्या घरांत हे बरंच दिसतं.

फट बंद करायची पद्धत

एटीएम कार्ड पाऊण मिमी जाड असतं. मे महिन्यातल्या फटीत ते शिरत नसेल तर ऑगस्टपर्यंत थांबा, बऱ्याचदा फट आपोआप मिटते. शिरत असेल तर कामाला लागा.

फट फळीच्या छोट्या बाजूला असेल तर काम सोपं आहे. त्या रांगेतली जवळची भिंत कोणती ते बघा आणि तिथलं स्कर्टिंग काढा. फट टोकदार ब्रशने आणि व्हॅक्यूमने नीट साफ करा, वाळूचा एक कण राहिला तरी सांधा बसत नाही. मग फट आणि भिंत यांच्या मधल्या फळीवर काच उचलायचा सक्शन कप लावा. तो नसेल तर लाकडी ठोकळा चांगल्या डबल टेपने चिकटवा. रबरी हातोडीने कपावर किंवा ठोकळ्यावर आडवे, हलके ठोके द्या, फटीच्या दिशेने. पुढच्या फळ्या सोबत सरकल्या तर उत्तम. नाही सरकल्या तर फट पुढच्या सांध्यावर जाईल. तिथेही तेच करा. शेवटी फट भिंतीजवळ जाते आणि स्कर्टिंगखाली गायब होते. तीच फट परत परत उघडत असेल तर सांधा मिटवण्याआधी जिभेवर पाण्याला टिकणारा फेविकॉल थोडासा लावा आणि वर आलेला लगेच ओल्या फडक्याने पुसा. गोंद फक्त सांध्यात, खालच्या जमिनीवर थेंबही नको. फळी खाली चिकटली की पुन्हा तोच अडकण्याचा प्रकार.

फट लांब बाजूला असेल तर ठोकून भागत नाही. जवळच्या भिंतीपासून रांगा उलट क्रमाने उघडत फटीपर्यंत जायचं, लॉक तपासायचं, तुटलेली फळी बदलायची आणि परत बसवायचं. फ्लोअरिंग करताना उरलेल्या दोन-चार फळ्या माळ्यावर ठेवल्या असतील तर इथे कामी येतात, कारण तोच डिझाइन आणि तेच लॉक नंतर दुकानात मिळेलच असं नाही.

मग पुट्टीचं काय?

कोरड्या दिवसांत फट उघडी असते तेव्हा तुम्ही पुट्टी भरता. पावसाळ्यात फळ्या फुगतात आणि मिटायला जागाच उरत नाही. पुट्टी तरी चुरा होऊन निघते, नाहीतर कडा वर उचलल्या जातात. कडा उचलल्या की वरचा थर झिजतो, फरशी पुसतानाचं पाणी आत जातं आणि एचडीएफ कायमचा फुगतो. ती फळी मग बदलावीच लागते.

अपवाद एकच: फळीच्या कोपऱ्याचा टवका उडाला असेल तर तिथे रंग जुळणारा वॅक्स फिलर खुशाल वापरा. तो टवका सांध्याच्या बाहेरचा असतो, त्याने काही अडत नाही.