पिकअप सुरू होईना. दोष नेमका कुठे?

नाशिक, प्रतिनिधी - मुंबईची परसबाग अशी ओळख असलेल्या नाशिक जिल्ह्यातील भाजीपाला शेतातून बाजार समितीत आणि तेथून कसारा घाट उतरून मुंबईला नेण्याचे काम मोठ्या प्रमाणावर पिकअप वाहने करतात. यातील अनेक वाहने आता जुनी झाली आहेत. त्यांच्याबाबत नेहमी ऐकू येणारी तक्रार म्हणजे, गाडी एके दिवशी पहिल्याच सेल्फला सुरू होते आणि दुसऱ्या दिवशी दहा वेळा सेल्फ मारूनही दाद देत नाही. टोमॅटोचे क्रेट भरून उभी असलेली गाडी तासभर अडली, तर लिलावाची वेळ टळते आणि मिळणारा भावही हातचा जातो.

या तक्रारीवर सर्वसाधारणपणे होणारा उपाय म्हणजे सुटे भाग बदलणे. आधी बॅटरी, मग सेल्फ, मग नोझल असा खर्च वाढत जातो. पण मूळ दोष कायम राहतो. वास्तविक तो अनेकदा एखाद्या रबरी नळीत किंवा अर्थिंगच्या गंजलेल्या वायरमध्ये असतो. मात्र तो शोधण्यासाठी लागणारी माहिती मेकॅनिककडे नसून गाडी रोज चालविणाऱ्याकडे असते.

गॅरेजमध्ये दोष का दिसत नाही?

अधूनमधून उद्भवणारा दोष विशिष्ट परिस्थितीतच दिसतो. थंड इंजिन, चढावर उभी केलेली गाडी, टाकीत कमी असलेले डिझेल, पावसात भिजलेली वायरिंग यांपैकी एखादी अट पूर्ण झाली, तरच गाडी अडते. गाडी चालवत गॅरेजला नेली, की इंजिन गरम होते, नळ्यांतील हवा निघून गेलेली असते आणि बॅटरीही काही प्रमाणात चार्ज झालेली असते. त्यामुळे तेथे दोष दिसेनासा होतो. पहाटे गाडी अडत असेल, तर ती रात्रीच गॅरेजमध्ये ठेवून सकाळी मेकॅनिकच्या समोर पहिला सेल्फ मारणे, हा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय होय.

आधी नोंद, मग पाना

किमान आठवडाभर एका वहीत पुढील गोष्टी लिहून ठेवाव्यात : गाडी किती तास उभी होती, हवा थंड होती की इंजिन गरम होते, पुढची बाजू चढाकडे होती की उताराकडे, टाकीत डिझेल किती होते, पाऊस झाला होता काय, सेल्फचा आवाज नेहमीसारखा होता की मंद, आणि सेल्फ मारताना सायलेन्सरमधून धूर आला काय.

यातील शेवटची नोंद विशेष महत्त्वाची आहे. सेल्फ नीट फिरत असून पांढरा धूर येत असेल, तर डिझेल सिलिंडरमध्ये पोचते, पण पेट घेत नाही, असा त्याचा अर्थ होतो. धूर मुळीच येत नसेल, तर डिझेलच पोचत नाही. या एका निरीक्षणाने निम्मा तपास पूर्ण होतो.

पहिला प्रश्न सेल्फचा

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा जोराने दाबली जाऊन तापते आणि त्या उष्णतेने डिझेल पेटते. त्यासाठी इंजिन पुरेशा वेगाने फिरणे आवश्यक असते. सेल्फ मंद फिरत असेल, तर इतर सर्व शंका बाजूला ठेवून प्रथम विजेचा मार्ग तपासावा.

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीचे व्होल्टेज १२.६ च्या आसपास असावे. ते १२.२ भरले, तर बॅटरी जवळपास निम्मीच चार्ज आहे. सेल्फ मारताना ते ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळत नसतील, तर बॅटरी बदलून उपयोग नाही. दोष अल्टरनेटर किंवा त्याच्या पट्ट्याचा असू शकतो.

बॅटरी उत्तम असूनही सेल्फ मंद असेल, तर अर्थिंग तपासावे. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण टोकाला व दुसरी इंजिनच्या ब्लॉकला लावून सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक आकडा दिसल्यास वायर किंवा तिचा जोड खराब समजावा. गंजलेला जोड कधी पकडतो, कधी सोडतो. म्हणूनच हा दोष लहरी वाटतो.

डिझेल पोचते काय?

सेल्फ जोमाने फिरतो, पण धूर नाही, अशा वेळी प्रथम डिझेल लाईनमध्ये हवा शिरत असल्याचा संशय घ्यावा. टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढले जाते. त्यामुळे नळीला बारीक चीर असली, तरी डिझेल बाहेर गळत नाही, हवा मात्र आत शिरते. गाडी उभी राहिली, की डिझेल हळूहळू टाकीकडे परत जाते आणि सकाळी पंपाच्या वाट्याला हवाच येते. गाडी चढावर तोंड करून उभी केल्यास अडते आणि उतारावर उभी केल्यास लगेच सुरू होते, अशी नोंद वहीत असेल, तर हा संशय बळावतो.

याची खात्री करणे सोपे आहे. सेल्फ मारण्यापूर्वी फिल्टरजवळचा हँड प्रायमर तो कडक होईपर्यंत दाबावा. त्यानंतर गाडी चटकन सुरू झाली, तर लाईनमध्ये हवा आहे. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये पारदर्शक नळीचा तुकडा बसविल्यास बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. त्यापुढची चाचणी म्हणजे स्वच्छ डिझेलचा छोटा कॅन पंपापेक्षा उंचावर, इंजिनच्या गरम भागांपासून दूर, पक्का बांधून त्यातून पंपाला डिझेल देणे. असे केल्यावर गाडी रोज बिनतक्रार सुरू झाली, तर पंप आणि नोझल निर्दोष ठरतात व शोध टाकी, नळ्या, फिल्टर आणि तांब्याचे वॉशर यांच्यापुरता उरतो.

जुन्या मेकॅनिकल पंपावरील स्टॉप सोलेनॉइडही पाहावा. चावी फिरविल्यावर त्याचा 'टक' असा आवाज येतो. काही वेळा तो आवाज येतो, पण सेल्फ मारताना त्याच्याकडे जाणारी वीज खंडित होते. सेल्फ मारत असतानाच टेस्ट लॅम्प लावून पाहिल्यास इग्निशन स्विचमधील हा दोष उघड होतो. इगतपुरी परिसरातील मुसळधार पावसानंतरच गाडी अडत असेल, तर रिले आणि वायरिंगचे जोड उघडून कोरडे करावेत.

थंडीतील अडचण

डिसेंबर २०१८ मध्ये निफाड येथे पारा दोन अंशांच्या खाली गेला होता. अशा थंडीत हीटर प्लगचे महत्त्व वाढते. प्री-चेंबर असलेली जुनी इंजिने हीटरशिवाय थंडीत सहजासहजी सुरू होत नाहीत. थेट इंजेक्शनच्या इंजिनांना त्याची गरज तुलनेने कमी असते. चारपैकी एक-दोन हीटर निकामी झाले, तरी ऑक्टोबरमध्ये गाडी सुरू होते आणि डिसेंबरच्या पहाटे मात्र पांढरा धूर सोडत अडून बसते. प्रत्येक हीटरची वायर सोडवून मल्टिमीटरने रोध मोजावा. चांगल्या हीटरचा रोध साधारण एक ओहमच्या आसपास असतो. सर्किट तुटलेले दिसल्यास हीटर निकामी समजावा. सर्व हीटर चांगले असतील, तर रिले आणि टायमर तपासावा.

ड्रममध्ये डिझेल साठविणाऱ्यांनी आणखी एक बाब लक्षात घ्यावी. थंडीत डिझेलमधील मेण गोठून फिल्टर तुंबू शकतो. भारतीय मानक आयएस १४६० मध्ये फिल्टर तुंबण्याच्या तापमानाची कमाल मर्यादा हिवाळ्यासाठी ६ अंश, तर उन्हाळ्यासाठी १८ अंश आहे. त्यामुळे उन्हाळ्यात भरून ठेवलेले डिझेल कडाक्याच्या थंडीत वापरू नये. ड्रमच्या तळाशी साठणारे पाणी ही वेगळीच डोकेदुखी असते. वॉटर सेपरेटरमधील पाणी नियमित काढणे, हा त्यावरील उपाय होय.

गरम इंजिन अडते तेव्हा

घाटात चहासाठी गाडी थांबविली आणि वीस मिनिटांनी ती सुरू होईना, हा निराळा प्रकार आहे. येथे हीटरचा संबंध नसतो. सेल्फ मंद झाला असेल, तर त्याचे आतील बुश व कार्बन झिजलेले असण्याची शक्यता असते. सेल्फ नीट असून धूर नसेल, तर झिजलेल्या रोटरी पंपाचा संशय घ्यावा. गरम झालेले डिझेल पातळ होते आणि पंपाच्या आतल्या आतच निसटते. पंपावर ओले फडके ठेवून तो निवल्यावर गाडी सुरू होत असेल, तर पंप दुरुस्तीला पाठविण्याची वेळ झाली आहे. मात्र तापलेल्या पंपावर थंड पाणी ओतू नये. तो जाम होण्याचा धोका असतो.

कॉमन रेल इंजिनात रेलमधील दाब ठराविक मर्यादेपर्यंत, साधारणपणे २०० बारच्या वर, चढल्याशिवाय संगणक इंजेक्टर उघडत नाही. एखादा इंजेक्टर परतीच्या नळीतून अधिक डिझेल सोडत असेल, तर हा दाब तयार होत नाही. चारही इंजेक्टरच्या परतीचे डिझेल वेगवेगळ्या बाटल्यांत घेऊन तुलना केल्यास दोषी इंजेक्टर सापडतो. सेल्फ मारताना स्कॅनरवर इंजिनचे फेरे शून्य दिसले, तर क्रँक सेन्सर किंवा त्याची वायर तपासावी. हा सेन्सर गरम झाल्यावर बंद पडून थंड झाल्यावर पुन्हा काम करू शकतो.

इंजिनच्या झिजेची शंका शेवटी घ्यावी. रिंगा आणि व्हॉल्व्ह झिजल्यास थंड इंजिन रोजच जड सुरू होते. एक दिवसाआड नव्हे. ऑईल भरण्याच्या टोपणातून जोराने वाफारा येत असल्यास कॉम्प्रेशन मोजून घ्यावे.

हे टाळावे

सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून अधिक मारू नये व दोन प्रयत्नांत किमान एक मिनिट थांबावे. हीटर असलेल्या इंजिनात ईथरचा स्प्रे मारल्यास स्फोट होऊन पिस्टन फुटू शकतो. कॉमन रेलच्या नळ्या इंजिन चालू असताना कदापि सैल करू नयेत. त्यातील डिझेलची धार त्वचा भेदून आत शिरते. गाडी पुन्हा सुरू होणार नाही, या धास्तीने इंजिन तासन्‌तास चालू ठेवणे हाही उपाय नव्हे. त्यात डिझेल वाया जाते आणि दोष तसाच राहतो.

सेल्फचा वेग, धूर, लाईनमधील हवा, हीटर आणि त्यानंतर पंप व इंजेक्टर, हा तपासाचा क्रम पाळल्यास बिनखर्चाच्या चाचण्या आधी आणि महागड्या शेवटी होतात. गॅरेजला जाताना नोंदींची वही सोबत न्यावी आणि कोणताही भाग बदलण्यापूर्वी तो कोणत्या चाचणीत सदोष ठरला, हे मेकॅनिकला अवश्य विचारावे.