कुलूप, किल्ली आणि अमानत

जुलैतल्या पुरवणी परीक्षेची सकाळ. पर्यवेक्षक म्हणून मला दहाच्या आत केंद्रावर पोहोचायचं होतं आणि मोटारसायकलची किल्ली कुलपात अर्धी फिरून अडकली. गाडी अब्बांची. ते गेल्यावर आम्ही ती विकली नाही. घाईघाईत पक्कड आणून किल्ली पिळली, तर ती वाकायला लागली. तेव्हा भानावर आलो आणि रिक्षा धरली.

संध्याकाळी बसस्टँडजवळ किल्ल्या बनवणाऱ्या शिकलगार चाचांना घरी घेऊन आलो. त्यांनी आधी पक्कड बाजूला सारली. "सर, जोर नै लगाना. कुलुप बिगड्या नै, मैला हुआ है."

चाचांचं काम सुरू असताना माझ्यातला भाषेचा मास्तर जागा झाला. 'कुलूप' हा शब्द अरबी 'कुफ्ल'वरून आपल्या भाषेत आला. 'चावी' पोर्तुगीजांची. 'शिकलगार'च्या मुळाशीही अरबी 'सैकल', म्हणजे घासून लखलखीत करणं. एका दारापाशी इतक्या मुलखांचे शब्द उभे आहेत आणि आपण सगळ्यांना मराठीच समजतो. ते मराठी आहेतच.

कुलपाची कलाही अशीच फिरत आली. प्राचीन इजिप्तमध्ये लाकडी कुलपं होती. त्यांच्या खुंट्या वरून खाली पडून अडसर अडवायच्या आणि किल्लीने त्या उचलल्या की दार उघडायचं. दियारबकरच्या दरबारातल्या अल-जझारीने 1206 मध्ये पुऱ्या केलेल्या यंत्रांच्या ग्रंथात, चकत्यांवरची अक्षरं जुळवून उघडायचं पेटीचं कुलूप आहे. अमेरिकेत लायनस येल याने 1861 मध्ये खुंट्यांच्या जुन्या युक्तीला छोटी, चपटी किल्ली जोडून पेटंट घेतलं. आपल्याकडे अर्देशीर गोदरेज यांनी 1897 मध्ये मुंबईत लालबागला कुलपं बनवायला सुरुवात केली.

मोटारसायकलच्या कुलपात बहुधा खुंट्यांऐवजी पितळेच्या पातळ पट्ट्या असतात. प्रत्येक पट्टीमागे इवलीशी स्प्रिंग. किल्लीच्या खाचा बरोबर असल्या तर साऱ्या पट्ट्या एका रेषेत आत सरकतात आणि कुलूप फिरतं. एक जरी बाहेर राहिली तरी वाट बंद.

आमच्या पट्ट्या रुतल्या होत्या आणि तो गुन्हा माझाच. किल्ली जड जायला लागली की मी इंजिन ऑइलचे दोन थेंब सोडायचो. चार दिवस बरं वाटायचं. मग त्याच तेलावर रस्त्याची धूळ बसून चिखल व्हायचा.

चाचांनी बॅटरीची वायर सोडली. कुलपात साफ करायच्या स्प्रेचा छोटा फवारा मारला; जास्त नाही, कारण खाली विजेचा स्विच असतो. हँडल लॉक पडलं होतं, म्हणून हँडल किंचित डावी-उजवीकडे हलवत किल्ली हळूच फिरवली. ताण सुटला, किल्ली बाहेर आली. मग ती आतबाहेर करून दरवेळी फडक्याने पुसली. पाच-सहा वेळा काळा मळ आला. कुलूप सुकल्यावर ग्रॅफाइटची पूड. "नै मिली तो पेन्सिल किल्ली पे घिसो," म्हणाले. पेन्सिलीचं शिसं म्हणजे ग्रॅफाइटच. ते कोरडं असतं, त्यामुळे तेलासारखी धूळ धरून ठेवत नाही.

तरीही कुलूप थोडं अडखळत होतं. चाचांनी किल्ली उजेडात धरली. ती झिजलेल्या किल्लीवरून बनवलेली नक्कल होती आणि आता तीही झिजलेली. "असली किधर है?"

असली किल्ली अब्बांच्या कपाटात होती, रुमालात गुंडाळलेली. ते कधीच वापरत नसत, आम्ही त्यांना हसायचो. तिच्यावरून चाचांनी नवी बनवली आणि ती लोण्यासारखी फिरली.

मक्का फत्ह झाली तेव्हा, हिजरी 8 मध्ये, पैगंबरांनी (स.) काबागृहाची किल्ली उस्मान बिन तल्हा यांनाच परत दिली. ती त्यांच्या घराण्याकडे चालत आलेली होती. अमानती ज्यांच्या त्यांना सोपवा, ही सूरह निसामधली आयत अनेक भाष्यकार याच प्रसंगाशी जोडतात. मी ती वर्गात कितीदा शिकवली असेन. पण अब्बांनी रुमालात काय जपलं होतं, ते त्या दिवशी समजलं.

असली किल्ली परत त्याच रुमालात ठेवली आहे. पोरांना जागा दाखवून ठेवली आहे.