माळ्यावरची नजर

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी हुरड्यावर आली की शेतात माळा उभा राहतो आणि त्यावर गोफण घेऊन राखणदार बसतो. खाली ताटांत शिरलेल्या माणसाला चार हातांपलीकडचं दिसत नाही, वरच्याला सगळं रान दिसतं. पाखरांचा थवा कुठे उतरला ते त्याने ओरडून सांगायचं आणि खालच्याने तिकडे धावायचं. खालच्याचं सगळं काम वरच्याच्या नजरेवर चालतं.

लढाईतही असा एक माणूस लागतो. तोफ टेकडीआडून डागली जाते. गोळा कुठे पडला, हे तोफेजवळच्या जवानाला कळत नाही. मग एक वैमानिक छोट्या विमानातून घिरट्या घालतो आणि रेडिओवरून सांगतो, 'थोडं डावीकडे, अजून पुढे.' त्याला वेगाने निघून जाता येत नाही, कारण नीट पाहायचं तर थांबावंच लागतं. शत्रूची विमानं पाडणाऱ्यांची नावं आपल्याला पाठ असतात. पाहून खरी बातमी आणणाऱ्यांची नावं मात्र सहसा कुणाला ठाऊक नसतात.

दुसऱ्या महायुद्धात, १९४३-४४ मध्ये, ब्रह्मदेशाच्या अराकान भागात भारतीय वायुदलाची सहा नंबरची स्क्वॉड्रन हेच काम करत होती. प्रमुख होते मेहर सिंग. दाट जंगलात जपानी सैन्य कुठे आहे, हे हरिकेन विमानांतून खाली उतरून शोधायचं आणि फोटो काढायचे. विमानं जोडीने जात. पुढचा वैमानिक जमीन न्याहाळायचा, मागचा आकाशावर लक्ष ठेवायचा. खाली पाहणाऱ्याला मान वर करायची सवड नसे. त्याचा जीव जोडीदाराच्या डोळ्यांत असे. या स्क्वॉड्रनला 'चौदाव्या सैन्याचे डोळे' म्हणत.

त्याच ब्रह्मदेशच्या आघाडीवर हैदराबादचा एक तरुण हरिकेन चालवत होता. त्याचं नाव इद्रिस हसन लतीफ. असगर खान आणि नूर खान हे त्याचे तिथले सहकारी. १९४७ मध्ये फाळणी झाली. पुढे पाकिस्तानी हवाई दलाचे प्रमुख झालेल्या या दोघांनी त्याला तिकडे येण्याचा आग्रह केला. लतीफ यांनी नकार दिला. धर्म ही एक गोष्ट आणि देश ही दुसरी, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. १९७८ मध्ये ते भारतीय वायुदलाचे प्रमुख झाले आणि १९८२ ते १९८५ या काळात आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल होते. आपल्या मुलांना टिपू सुलतान माहीत असतो, पण लतीफसाहेब किती जणांना माहीत आहेत?

१९७१ च्या डिसेंबरात राजस्थानच्या लोंगेवाला चौकीवर रात्रीच्या अंधारात पाकिस्तानी रणगाडे चालून आले. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि त्यांचे शंभर-सव्वाशे जवान रात्रभर टिकून राहिले. हंटर विमानांना रात्री हल्ला करणं शक्य नव्हतं. ५ डिसेंबरला उजाडताच ती आली, तेव्हा लष्कराचे वैमानिक मेजर आत्मा सिंग एका छोट्या विमानातून वाळवंटावर फिरत होते. रणगाड्यांवरच्या तोफा आकाशात आग ओकत होत्या आणि ते हंटरच्या वैमानिकांना रणगाड्यांच्या जागा दाखवत होते. त्यांच्याकडे मारा करायला काही नव्हतं, फक्त डोळे आणि रेडिओ. त्यांना वीरचक्र मिळालं. आपल्याच देशात बनलेल्या त्या विमानाचं नाव होतं 'कृषक', म्हणजे शेतकरी.

आज लष्कराचे वैमानिक आपल्या नाशिकला तयार होतात. विमानाच्या जागी हेलिकॉप्टर आलं, काम मात्र तेच राहिलं.

मला या इतिहासात एक गोष्ट मोठी वाटते. खंदकातला जवान वरून आलेल्या आवाजावर जीव टाकतो. तो आवाज कोणत्या धर्माचा आहे, हे तो विचारत नाही. खबर खरी आहे ना, एवढंच त्याला हवं असतं. वरचाही खाली कोण आहे हे न विचारता थांबतो. लढाईत आपल्याला हा विश्वास जमतो. गावात, चौकात, निवडणुकीच्या दिवसांत तो का जमू नये? माळ्यावरच्या राखणदाराला तरी आपण त्याची जात कधी विचारली होती?