नारायण पेठ ते फुरसुंगी, मार्गे ट्टॉक्!

मे १९७८, दुपारचे तीन. तुम्ही दहा वर्षांचे आहात आणि नारायण पेठेतल्या एका वाड्याच्या जिन्यावर बसला आहात, बरोबर चौथ्या पायरीवर. वर गेलं तर पत्र्याची धग लागते, खाली उतरलं तर कुणीतरी हटकून दळण आणायला पिटाळतं. बाजूच्या भिंतीवर, तुमच्या डोक्याच्या हातभर वर, एक मातकट रेघ आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा मुठेचं पाणी इथवर चढलं होतं. चुना कितीदा दिला तरी ती रेघ वर येतेच, असं आजी सांगते. ते पाणी तुम्ही पाहिलेलं नाही, पण हातातल्या पुस्तकात संकट आलं की तुमची नजर आपोआप त्या रेघेकडे जाते. या गावात काहीही घडू शकतं, याचा पुरावा भिंतीवरच आहे.

पुस्तक एक आणि वाचणारे तिघं. समोरच्या बिऱ्हाडातली ताई भराभर वाचते आणि पान संपलं की कोपऱ्यावर बोट ठेवून थांबते. तळमजल्यावरचा मुलगा ओठ हलवत वाचतो, त्याला वेळ लागतो. मध्ये तुम्ही.

"झालं का तुमचं?"

"थांब ना गं, दोनच ओळी!"

पुस्तक वाचनालयाचं आहे, उद्या परत द्यायचंय. त्याला खाकी कव्हर आहे, शिवण उसवलेली, आणि मधल्या एका पानाच्या समासात कुणीतरी पेन्सिलीनं चोर कोण ते आधीच लिहून ठेवलंय. त्याखाली वेगळ्या अक्षरात दुसऱ्या कुणीतरी लिहिलंय, "गाढवा, का सांगितलंस?" हे दोघं कोण, कुठल्या पेठेतले, तुम्हाला कधीच कळणार नाही. पण त्या समासात ते दोघं आणि जिन्यावर तुम्ही तिघं, असे पाच जण एकाच मुलाच्या मागे धावताय. मुलाचं नाव बनेश फेणे, राहणार फुरसुंगी, शिक्षण पुण्याच्या विद्याभवनात. सगळे त्याला फास्टर म्हणतात.

आता एक करा. जीभ टाळूला चिकटवा. घट्ट. ओठांचा चंबू करा आणि जीभ एकदम खाली ओढा. आवाज आला? "टक्" आला असेल तर तो चुकीचा, तोंड अजून थोडं मोठं उघडा. पुन्हा. "ट्टॉक्!" असा, दोन ट असलेला, जिन्यात घुमणारा आवाज यायला हवा. बन्याच्या डोक्यात काही चमकलं की तो हा आवाज काढतो. या मे महिन्यात पुण्यातल्या कितीतरी वाड्यांतून, चाळींतून, बोळांतून तो निघतो आहे आणि घरोघरच्या आया "पुरे ते!" म्हणून ओरडताहेत. पुस्तकातला नायक आवडणं वेगळं आणि तो तोंडात येऊन बसणं वेगळं.

पान उलटण्याआधी शेजारचं चित्र नीट बघा. राम वाईरकरांचं आहे. अमर चित्रकथेतला 'कृष्ण' याच हातानं काढला, आणि पुढे काही वर्षांनी 'टिंकल'मधला सुपंडीही हाच हात काढेल. वाईरकरांचा बन्या काडीपहिलवान आहे. छाती रुंद नाही, दंड फुगलेले नाहीत. तळमजल्यावरचा मुलगा, ज्याला खो-खोत कुणी आधी घेत नाही, या चित्रावर सगळ्यात जास्त वेळ थांबतो. ताईसुद्धा तेवढ्यापुरती घाई करत नाही.

मुखपृष्ठावरचं नाव भा. रा. भागवत. ते तुमच्या ओळखीचं आहे. ज्यूल व्हर्नचं 'चंद्रावर स्वारी' आणि 'मुक्काम शेंडेनक्षत्र' मराठीत आणणारे हेच. लीलावतीबाईंसोबत मुलांसाठी 'बालमित्र' मासिक चालवणारे हेच. पुस्तकवेडा बिपिन बुकलवार यांचाच. व्हर्ननं भागवतांना चंद्रावर आणि धूमकेतूवर नेलं. बन्यासाठी मात्र त्यांनी फुरसुंगी निवडलं, आणि मला त्यांची सगळ्यात धाडसी गोष्ट हीच वाटते. पुण्यातल्या मुलांसाठी लिहिताना पेठेतला, इंग्रजी फाडफाड बोलणारा, पहिल्या नंबराचा मुलगा नायक करणं किती सोपं होतं! भागवतांनी हडपसरच्या पुढच्या गावातला मुलगा शहरात आणला आणि शहरातल्या मुलांना त्याच्या मागे धावायला लावलं.

म्हणून संध्याकाळी ऊन उतरल्यावर तुम्ही भाड्याची सायकल काढता, तासाच्या बोलीवर. सीटवर बसलं तर पाय पुरत नाहीत, तेव्हा दांडीखालून एक पाय पलीकडे घालून तिरकं तिरकं चालवायचं. लकडी पुलावर वारा लागतो. हे सायकलींचं शहर आहे. सुटीच्या वेळी कारखान्यांच्या, शाळांच्या, कॉलेजांच्या दारातून सायकलींचे लोंढे बाहेर पडतात, आणि दिव्याशिवाय किंवा डबलसीट सापडलात तर पोलीस थांबवतो. लूना आणि स्कूटर दिसू लागल्यात, पण त्या मोठ्यांच्या. सायकल ही अशी एकच गोष्ट आहे जी बन्याकडेही आहे आणि तासाभरापुरती तुमच्याकडेही. ना पिस्तूल, ना मोटार, ना श्रीमंत काका. त्याच्या बाकीच्या भांडवलात धाडस आहे, चौकस नजर आहे आणि दुसऱ्याचं दुःख बघून स्वस्थ न बसणारा स्वभाव आहे. हे सगळं फुकट मिळतं. हे तुम्हाला दहाव्या वर्षी शब्दांत सांगता येणार नाही, पण पुलाच्या उतारावर पायडल मारणं थांबवून तुम्ही "ट्टॉक्!" करता तेव्हा ते तुम्हाला पक्कं ठाऊक असतं.

त्या उन्हाळ्यात वाद रंगतात ते क्रमावरून. आधी कुठलं वाचायचं? 'प्रतापगडावर फास्टर फेणे' की 'जंगलपटात फास्टर फेणे'? 'गुलमर्गचे गूढ' भारी की 'विमानचोर विरुद्ध फास्टर फेणे'? ताई सगळ्यांची यादी वहीत करते, वाचलेल्यांवर खूण. चीनच्या लढाईच्या वेळी बन्या पार ईशान्य सीमेवर, नेफात पोचला होता, ती लढाई तर तुमच्या जन्माआधीची. मग आता तो केवढा असेल? हिशेब कुणालाच जमत नाही. तळमजल्यावरचा मुलगा म्हणतो, "तो मोठा होतच नाही." आणि विषय मिटतो.

हे उत्तर किती बरोबर होतं ते कळायला थोडं पुढे आणि बरंच पूर्वेला जावं लागेल. १९९४ मध्ये जपानमध्ये गोशो आओयामा नावाचा चित्रकार 'डिटेक्टिव्ह कॉनन' ही मांगा मालिका सुरू करतो. एक तरुण गुप्तहेर विषप्रयोगानं पहिलीतल्या मुलाएवढा होतो आणि त्या लहान अंगातून खून, चोऱ्या, कट उलगडत राहतो. १९९६ पासून ती टीव्हीवर येते, १९९७ पासून चित्रपट येऊ लागतात, २०२१ मध्ये शंभरावा खंड निघतो. इतकी वर्षं गेली, वाचकांच्या घरात फोन बदलले, वाचकांना मुलं झाली, कॉनन मात्र पहिलीतच. पुण्यात आज जपानी शिकणारी मुलं कितीतरी आहेत. रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात त्यांच्यापैकी कुणाला विचारा, कॉननबद्दल ती अर्धा तास बोलतील आणि त्यात एकदाही "पण त्याचं वय कसं वाढत नाही?" असं म्हणणार नाहीत. लांब चालणाऱ्या मालिकेवर प्रेम करणाऱ्यांमध्ये आणि लेखकामध्ये हा करार असतो: वाढायचं आपण, थांबायचं त्यानं. नारायण पेठेच्या जिन्यावर तो केव्हाच झाला होता.

परत पुण्यात या. ऐंशीचं दशक चालू आहे. वाड्यात टीव्ही आला आहे, एकाच बिऱ्हाडात, आणि त्यांच्या दाराबाहेर चपलांचा ढीग आहे. दूरदर्शनवर फास्टर फेणेची मालिका लागते आहे आणि बन्याच्या कामात सुमीत राघवन हा मुलगा आहे. तुम्ही आता जाणते झालात. मिसरूड फुटलेला तळमजल्यावरचा मुलगा आणि साडी नेसू लागलेली ताई भिंतीला टेकून उभे आहेत, पुढे सतरंजीवर नवी पोरं. वाचताना तुमच्या डोक्यातला बन्या वेगळा होता. प्रत्येकाचा वेगळा होता. ताईला नाक पटत नाही. तुम्हाला आवाज. एवढ्यात सतरंजीवरचा सहा वर्षांचा मुलगा जीभ टाळूला लावतो आणि घराच्या कोपऱ्याकोपऱ्यातून ट्टॉक् ट्टॉक् सुरू होतं. त्यानं एकही पुस्तक वाचलेलं नाही. त्याचा बन्या हाच, या चेहऱ्याचा. तुम्ही तक्रार गिळता, आणि ते योग्यच करता.

आता एक मोठी उडी. २७ ऑक्टोबर २००१. भा. रा. भागवत गेले. ३१ मे १९१० चा त्यांचा जन्म, म्हणजे एक्क्याण्णव वर्षांचं आयुष्य.

सोळा वर्षांनी, नेमक्या त्याच तारखेला, २७ ऑक्टोबर २०१७ ला, तुम्ही कोथरूडच्या एका चित्रपटगृहात बसला आहात. शेजारी तुमची मुलगी, तिच्या मांडीवर पॉपकॉर्न आणि पाठपिशवीला कॉननचा बिल्ला. पडद्यावर नाव येतं, 'फास्टर फेणे'. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार. बनेश झालाय अमेय वाघ, आणि तो शाळेत नाही. वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी पुण्यात आलाय आणि परीक्षेच्या घोटाळ्यात, एका मृत्यूच्या मागावर निघालाय. समोर गिरीश कुलकर्णींचा अप्पा आहे, ज्याला पाहून थेटरातली लहान मुलं आईला बिलगतात.

पहिली वीस मिनिटं तुम्ही भांडता, मनातल्या मनात. हा मोठा झालाच कसा? करार मोडला! वाड्यातला मे महिना कुठे, हा काळोख कुठे? आणि मग पडद्यावर दिलीप प्रभावळकर येतात. त्यांची भूमिका आहे भा. रा. भागवतांची. लेखक म्हातारा आहे आणि त्यानं लिहिलेला मुलगा त्याच्यासमोर जिवंत उभा आहे. इथे तुमचं भांडण संपतं. पुस्तकांवरून सिनेमे खूप निघतात, त्यात लेखकाचं नाव श्रेयनामावलीत चार सेकंद झळकतं आणि जातं. या सिनेमानं लेखकाला घरात जागा दिली, संवाद दिले, बनेशवर माया करायला दिली. ज्यांनी हे लिहिलं आणि ज्यांनी ठरवलं, ते नक्कीच कधीतरी उसवलेल्या शिवणीची ती पुस्तकं मांडीवर घेऊन बसले असणार. असं चाहत्यालाच सुचतं.

सिनेमात काही कमी नाही का? आहे. मूळ पुस्तकांतला मोकळेपणा, तो उनाड आनंद तिथे कमी आहे. बन्या संकटात सापडतो तेव्हाही वाचणाऱ्याला मजा येत असते. पडद्यावर मजेपेक्षा ताण जास्त आहे. पण परीक्षेच्या बाजारात भरडल्या जाणाऱ्या मुलांच्या बाजूनं उभा राहणारा बनेश हा खरा बनेश आहे. १९७८ सालीही तो याच बाजूला उभा असता. रूपांतर चांगलं की वाईट हे मी एवढ्यावरून ठरवतो: कपडे बदलोत, वय बदलो, मुलगा अन्याय बघून थांबतो का? २०१७ चा बनेश थांबतो.

बाहेर येताना मुलगी विचारते, "बाबा, फुरसुंगी खरंच आहे?"

आहे की. त्याच ऑक्टोबर महिन्यात, सिनेमा लागायच्या थोडे दिवस आधी, पुणे महापालिकेत ११ गावं घेतली गेली, त्यात फुरसुंगी होतं. बन्याचं गाव पुण्यात आलं! पुढे ते पुन्हा बाहेर काढलं गेलं आणि २०२४ मध्ये फुरसुंगी आणि उरुळी देवाची मिळून वेगळी नगरपरिषद झाली. मधल्या सगळ्या वर्षांत पुणेकरांना ते नाव ऐकू येत राहिलं ते कचरा डेपोमुळे. शहराचा कचरा या दोन गावांच्या शिवेवर जाऊन पडत होता आणि तिथली माणसं त्याविरुद्ध पुन्हा पुन्हा उभी राहत होती. याचा मला मनापासून राग येतो. ज्या गावानं पुण्याच्या मुलांना त्यांचा सगळ्यात लाडका मित्र दिला, त्या गावाचं नाव काढलं की आधी बन्या आठवायला हवा.

मुलगी रात्री कपाटातून 'फुरसुंगीचा फास्टर फेणे' काढते. उत्कर्ष प्रकाशनानं काढलेली ही पुस्तकं अजूनही मिळतात, संचातही आणि सुटीही. ती मांगा उजवीकडून डावीकडे वाचते, त्यामुळे सवयीनं आधी मागचं मुखपृष्ठ उघडते, मग हसून पुस्तक उलटं करते. तासाभरानं तिच्या खोलीतून आवाज येतो. "टक्." चुकीचा. तुम्ही दारात जाऊन दाखवता, तोंड अजून मोठं उघड.

तुमच्या घरात कॉनन, नारुतो, वन पीस वाचणारं कुणी असेल तर त्याला अजिबात अडवू नका. ज्याला शंभर खंडांच्या मागे धावता येतं त्याला वीसेक पुस्तकांचा बन्या म्हणजे एका सुटीचं काम आहे. पुढच्या वेळी अप्पा बळवंत चौकात वह्या घ्यायला जाल तेव्हा एक फास्टर फेणे घ्या. आधी पुस्तक द्या, सिनेमा नंतर दाखवा. आणि देताना लेखकाचं नाव मोठ्यानं सांगा: भास्कर रामचंद्र भागवत.