वैरापासून ताटापर्यंत

वस्ती वसवण्याच्या संगणकीय खेळांत माणसं, ड्वार्फ आणि सरडे एकत्र नांदू लागले ते काळ उदार झाला म्हणून, असं समजायची पद्धत आहे. मला कारण वेगळं दिसतं. जमातींमधला फरक आधी वैरात मोजला जाई, पुढे तो ताटात मोजला जाऊ लागला. 1997 च्या ‘डंजन कीपर’मध्ये माश्या आणि कोळी एकाच भुयारात ठेवले की त्यांची जुंपायचीच. 2000 च्या ‘मॅजेस्टी’त एल्फ, ड्वार्फ आणि नोम यांपैकी एकालाच राज्यात थारा. 2006 मध्ये आलेल्या ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’मध्ये एल्फ यायचे ते व्यापारी म्हणून, आणि लाकडी वस्तू पुढे केली की बिनसायचं, तोडलेलं झाड त्यांना खपत नाही. 2015 च्या आवृत्तीत तिथे गुत्ते आले, परके वाटसरू उतरू लागले आणि कायम राहण्याची परवानगीही मागू लागले. दार उघडलं ते पाहुण्यांची सोय झाली म्हणून. त्यामागे तत्त्वबित्त्व काही नव्हतं.

ताटाचा हा हिशेब सर्वांत उघडपणे मांडला तो पोलंडच्या एरेमाइट गेम्सने, ‘अगेन्स्ट द स्टॉर्म’मध्ये (पूर्ण आवृत्ती डिसेंबर 2023). एका वस्तीत साधारण तीन जमाती असतात आणि प्रत्येकीचं मनोधैर्य वेगळं मोजलं जातं. माणसांना आणि बीव्हरांना बिस्किटं हवीत, सरड्यांना सुकवलेलं मांस. पीठ कमी पडलं की कोणाचं मन राखायचं? एखाद्या जमातीवर मर्जी बहाल करण्याची सोय आहे. ती वापरली की तिचं मनोधैर्य चढतं आणि बाकीच्यांचं तिथल्या तिथे उतरतं. फारच उतरलं तर लोक बिऱ्हाड उचलून चालू लागतात. पक्षपात केव्हा महागात पडतो, हे इतक्या रोखठोकपणे दाखवणारा दुसरा खेळ मला तरी ठाऊक नाही.

यावर आक्षेप येतो की हे कसलं सहजीवन, ही तर जन्माला बांधलेली बलुतेदारी. बीव्हर जन्मला तो लाकूडकामालाच. हे अर्धंच खरं आहे. बीव्हराचा हात लाकडावर बसलेला असतो, पण त्याला शेतावर धाडायला आडकाठी नाही आणि कामावरून कोणाची पंगत ठरत नाही. आक्षेपाचा उरलेला भाग मात्र टिकतो. शेजाऱ्याकडचं खाऊन इथे कोणाची चव बदलत नाही. मिश्र कुटुंब नाही, मूल जन्मत नाही. नवे रहिवासी येतात ते बाहेरून, जथ्याने, आपापल्या ठरलेल्या आवडी घेऊन.